बाबांचा १३ वर्षांचा डेस्कटॉप: खर्च करू, दुसऱ्या कामाला लावू की निरोप देऊ?

अंत्रुजकर | २४ मे, रात्री १०:१०

नमस्कार मंडळी. आठवडाभर एका निर्णयावर अडून बसलोय, म्हणून हा धागा.

आमचं घर फोंडा तालुक्यात, सावईवेऱ्याच्या बाजूला. घरातला डेस्कटॉप बाबांचा. २०१३च्या चतुर्थीआधी फोंड्यातल्या एका दुकानात जोडून घेतला होता. आय५-३४७० प्रोसेसर, एच६१ चिपसेटचा मदरबोर्ड, ४ जीबी रॅमची एकच पट्टी, ५०० जीबीची हार्ड डिस्क, साधा ४५० वॅटचा एसएमपीएस (आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा). आला तेव्हा विंडोज ७ होतं. विंडोज १० फुकट मिळत होतं त्या वर्षी ते करून घेतलं.

बाबा ७२ वर्षांचे. देवस्थानच्या उत्सवात गावची मंडळी नाटक करतात. त्या संहिता टाइप करायचं काम बाबांकडे. मूळ वह्यांपैकी बऱ्याच वाळवीने खाल्ल्या, त्यामुळे काही नाटकं आता फक्त या कॉम्प्युटरवर आहेत. शिवाय देणगीची पावतीपुस्तकं, जत्रेची पत्रकं, भजनी मंडळाची पदं. सगळं पेजमेकर या पानं जुळवायच्या जुन्या प्रोग्राममध्ये, जुन्या मराठी फॉन्टात.

आता तक्रारी. चालू व्हायला सहा-सात मिनिटं लागतात. तारीख दर वेळी मागे जाते आणि मग बँकेची साइट उघडत नाही. तीन-चार दिवसांतून एकदा स्क्रीनवर काहीच येत नाही, नुसती लांब शिट्टी वाजते. यूपीएसची बॅटरी मेली आहे, त्यामुळे करंट गेला की कॉम्प्युटर पटकन बंद.

भाऊ म्हणतो, नवा लॅपटॉप घेऊन टाक. दुकानदार म्हणतो, मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम तिन्ही बदला. बाबा म्हणतात, माझं काम चालतंय, हात लावू नका. दहा हजारांपर्यंत खर्च करायची तयारी आहे, पण तो योग्य जागी व्हावा. तुम्ही काय केलं असतं?

स्क्रूड्रायव्हर | २४ मे, रात्री ११:०२

अंत्रुजकरबाब, म्हापशात मी १६ वर्षं दुरुस्तीचं काम करतो. तुम्ही सांगितलेल्या तक्रारींपैकी एकीलाही मदरबोर्ड बदलायची गरज दिसत नाही. एकेक घेऊ.

तारीख मागे जाणं म्हणजे मदरबोर्डवरचा सेल संपला. रुपयाच्या नाण्यासारखा दिसतो, नंबर सीआर२०३२, ३ व्होल्टचा. कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळतो. बँकेची साइट याच कारणाने अडते. प्रत्येक सुरक्षित साइटच्या प्रमाणपत्राला सुरुवातीची आणि शेवटची तारीख असते. कॉम्प्युटरला वाटतंय आज २०१३ आहे, तर आजचं प्रमाणपत्र त्याला खोटं वाटणारच.

लांब शिट्टी हे बहुतेक रॅमचं. आपल्याकडच्या हवेत रॅमच्या पट्टीच्या सोनेरी दातांवर पातळ थर चढतो आणि संपर्क तुटतो. केबल काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा म्हणजे उरलेला करंट निघून जाईल, मग पट्टी काढून दातांवरून पांढरा खोडरबर हलक्या हाताने फिरवा. चुरा झटकून परत बसवा, दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या टक् करून लागल्या पाहिजेत. माझ्याकडे जून-जुलैत येणाऱ्या ‘बंद पडलेल्या’ मशिनांपैकी बरीच एवढ्यावर घरी जातात.

सहा-सात मिनिटं लागणं हा हार्ड डिस्कचा आणि कमी रॅमचा दोष. प्रोसेसर अजून चांगला आहे, चार कोरचा. टायपिंगला, हिशेबाला, व्हिडिओ बघायला पुरेसा आहे.

पण थांबा. यातलं काहीही करायच्या आधी संहितांची नक्कल काढा. आजच. पेनड्राइव्हवर एक, आणखी कुठे तरी एक. मशीन उद्या मिळेल, नाटक मिळणार नाही.

सत्तरीकर | २४ मे, रात्री ११:३०

अर्थिंग तपासून घ्या. आमच्याकडे वाळपईला मे महिन्याच्या शेवटच्या गडगडाटात दोन वर्षांपूर्वी राउटर गेला आणि नेटच्या केबलमधून मदरबोर्डचा पोर्टही गेला. प्लग काढला होता, केबल राहिली होती. पाऊस सुरू व्हायच्या आत दोन्ही काढायची सवय लावा.

जुवारीकाठ | २५ मे, सकाळी ७:४५

मी वेगळं मत मांडतो, राग मानू नका.

१३ वर्षं झाली. खोडरबर, सेल, एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क), रॅम असं करत तुम्ही पाच हजार घालाल आणि सहा महिन्यांनी एसएमपीएस जाईल. स्वस्त एसएमपीएस जाताना एकटा जात नाही, कधी कधी बोर्ड आणि डिस्कही घेऊन जातो.

दुसरं, विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. घरगुती वापरासाठी नोंदणी केली तर सुरक्षेची अपडेट १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत मिळतात, तिथे तेही थांबणार. विंडोज ११ला इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. तुमचा तिसऱ्या पिढीचा. युक्त्या वापरून विंडोज ११ बसवता येतं हे मलाही माहीत आहे, पण अशा मशिनला अपडेट मिळतीलच याची जबाबदारी मायक्रोसॉफ्ट घेत नाही. ७२ वर्षांच्या माणसाच्या बँकेचा पासवर्ड ज्या मशिनवर टाइप होतो, तिथे मी ही जोखीम घेणार नाही.

माझ्या सासऱ्यांच्या बाबतीत मी ‘अजून एक वर्ष चालेल’ म्हणत राहिलो आणि त्यांच्या आयुष्यभराच्या फोटोंपैकी निम्मे गेले. डिस्क एका दुकानात दिली होती, त्यांनी न विचारता फॉरमॅट करून परत दिली. त्यामुळे हे कळकळीने लिहितोय.

निवृत्त_हिशेबनीस | २५ मे, सकाळी ९:२०

जुवारीकाठ यांचा मुद्दा बरोबर आहे, पण ते दोन वेगळे प्रश्न एकत्र बांधतायत. बँकेचं काम आणि नाटकाचं काम एकाच मशिनवर झालंच पाहिजे असं कुठे आहे? बाबांचा फोन असेलच. बँक तिकडे हलवा. जे मशीन नेटला जोडलेलंच नाही, त्याला अपडेटची चिंता फारशी उरत नाही. मात्र पेनड्राइव्हमधून येणारे व्हायरस तेवढे सांभाळा, ते नेटशिवायही येतात.

अंत्रुजकर | २५ मे, दुपारी १:०५

सगळ्यांचे आभार. स्क्रूड्रायव्हरबाब, तुमचं वाचून काल रात्रीच सगळं फोल्डर पेनड्राइव्हवर घेतलं. दोन फाइली कॉपी होताना अडकल्या. दहा-दहा मिनिटं थांबलो तरी पुढे सरकेनात. शेवटी त्या सोडून बाकीच्या घेतल्या. त्या दोन्ही नाटकांच्याच आहेत आणि त्यातल्या एकाची वही आता नाही. झोप लागली नाही.

आणि पेनड्राइव्ह भावाच्या लॅपटॉपवर उघडून बघितला, तर फाइली उघडतच नाहीत. एक वर्डची होती ती उघडली, तर आत मराठी नाहीच. इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम आणि कंस यांची नुसती खिचडी. नक्कल घेऊनही हातात काही नाही असं झालंय.

स्क्रूड्रायव्हर | २५ मे, दुपारी १:२२

फाइल अडकते म्हणजे डिस्कवर खराब सेक्टर, म्हणजे नीट वाचता न येणाऱ्या जागा, झालेत. आता मशीन बंद करा आणि पुन्हा पुन्हा कॉपी करून बघू नका. प्रत्येक प्रयत्नाला डिस्क त्याच जागी धडपडते आणि आणखी बिघडते.

पद्धत सांगतो. नवी डिस्क आणा, २.५ इंची साटा एसएसडी. एम.२वाली घेऊ नका, तुमच्या बोर्डवर तिची जागा नाही. लिनक्सचा (विंडोजच्या जागी चालणारी फुकटची प्रणाली) पेनड्राइव्ह बनवून त्यावरून मशीन चालू करा आणि ‘डीडीरेस्क्यू’ नावाचा प्रोग्राम वापरा. साधी कॉपी खराब जागी आली की अडून बसते. हा प्रोग्राम आधी डिस्कचा सगळा चांगला भाग उचलून घेतो, खराब जागा एका नोंदवहीत लिहून ठेवतो आणि शेवटी त्या जागांवर परत येऊन थोडं थोडं वाचायचा प्रयत्न करतो. मध्ये करंट गेला तरी नोंदवहीमुळे काम पुढे चालू राहतं. एक सावधगिरी: जुनी डिस्क कुठली आणि नवी कुठली हे मॉडेल नंबर बघून तीनदा खात्री करा. दिशा उलटी झाली तर रिकामी डिस्क भरलेलीवर उतरेल.

कितीतरी वेळा सगळं सुटतं. धीर धरा.

अक्षरजुळणी | २५ मे, दुपारी ३:५०

अंत्रुजकर, तुमची फाइल बिघडलेली नाही. ती खिचडी म्हणजेच तुमचं नाटक आहे.

पणजीत २२ वर्षं डीटीपी केलं. लग्नपत्रिका, स्मरणिका, उत्सवाची पत्रकं, नाटकांची तिकिटं, सगळं. तुमच्या बाबांसारखे कितीतरी लेखक माझ्या टेबलाशेजारी बसून शब्द सांगायचे. म्हणून सविस्तर लिहिते.

युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, देवनागरी १९९१पासून आहे, पण आपल्या छपाईच्या धंद्यात ते फार उशिरा आलं. तोवर आम्ही वापरायचो ते कृतीदेव, शिवाजी वगैरे फॉन्ट. त्यात कॉम्प्युटरच्या दृष्टीने इंग्रजीच अक्षर साठवलेलं असतं, फॉन्ट फक्त त्या जागी ‘क’चं चित्र दाखवतो. फॉन्ट नसेल तर चित्र जातं आणि खालचं इंग्रजी उघडं पडतं. तुमच्या भावाच्या लॅपटॉपवर तेच झालं. म्हणून पहिलं काम: बाबांच्या मशिनवरच्या विंडोजच्या फॉन्ट फोल्डरमधले सगळे मराठी फॉन्ट नक्कल करून ठेवा. फाइलींइतकेच ते मोलाचे आहेत. फॉन्टच्या नावाची चिठ्ठीही ठेवा, कारण दोन वेगळ्या फॉन्टांत एकाच कळीवर वेगळं अक्षर असतं.

दुसरं काम: जुनं मशीन चालतंय तोवर प्रत्येक नाटकाची पीडीएफ काढा. विंडोज १०मध्ये छापायच्या यादीत पीडीएफचा पर्याय असतोच. पीडीएफ म्हणजे पानाचा फोटो समजा. संपादन होणार नाही, पण ५० वर्षांनी कुणी तरी वाचू तरी शकेल.

तिसरं काम युनिकोडमध्ये रूपांतर. पेजमेकरमध्ये मजकुराच्या प्रत्येक धाग्याला ‘स्टोरी’ म्हणतात. ती निवडून टेक्स्ट म्हणून बाहेर काढायची आणि त्या फॉन्टच्या रूपांतरकातून घालायची. शंभरातले पंचाण्णव शब्द बरोबर येतील. उरलेले पाच माणसाला वाचावेच लागतात, आणि ते कुठे अडतात हे सांगते. ऱ्हस्व वेलांटी जुन्या फॉन्टात अक्षराच्या आधी टाइप व्हायची, युनिकोडमध्ये ती अक्षराच्या नंतर साठते. रफार त्याच्या उलट: जुन्या फॉन्टात शेवटी, युनिकोडमध्ये आधी. त्यामुळे ‘कीर्ती’, ‘मूर्ती’ यांच्यात गडबड होते. ‘दऱ्या’, ‘वाऱ्या’मधला अर्धा र हमखास तुटतो. मी नेहमी आधी एक ओळ चालवून बघते: ‘श्रद्धा, हृदय, द्वारपाल, पूर्ण, कीर्ती, स्थिती, दऱ्याखोऱ्यांत, ज्ञानेश्वर.’ ही नीट आली तर बाकीचं येतं.

आणि उशीर करू नका. पेजमेकरची शेवटची आवृत्ती ७.०, २००१ची. त्याच कंपनीच्या इनडिझाइनमध्येही सीएस६नंतर पेजमेकरच्या फाइली उघडत नाहीत. लिबरऑफिसचा ‘ड्रॉ’ उघडतो, पण मांडणी हलते. तुमच्या गावात ते पान जसंच्या तसं दाखवणारं मशीन बहुधा हेच एक उरलं असेल. त्याला निरोप द्यायचा असेल तर हे काम झाल्यावर द्या.

अंत्रुजकर | २५ मे, दुपारी ४:१५

अक्षरजुळणीताई, तुमचं उत्तर बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. ‘वेलांटी आधी’ ऐकून ते म्हणाले, ‘हिला काम माहीत आहे.’ देव बरें करूं.

कॉलेजचा_पोर | २५ मे, सायंकाळी ६:३३

याच प्रोसेसरचं मशीन माझ्याकडे आहे. आय७-३७७० जुना घेऊन घातला तर गेम चालतील का?

स्क्रूड्रायव्हर | २५ मे, सायंकाळी ७:०१

सॉकेट तेच आहे, एलजीए ११५५, बायोस (मदरबोर्डवरचा मूळ प्रोग्राम) अद्ययावत असेल तर चालतो. चारच्या जागी आठ थ्रेड मिळतात. पण गेमला ग्राफिक्स कार्ड लागेल आणि त्यासाठी बरा एसएमपीएस. तेवढे पैसे या बोर्डवर घालू नकोस. साठव, पुढच्या मशिनला लागतील.

मास्तर_डिचोली | २५ मे, रात्री ९:१४

या धाग्यात एक गोष्ट कुणी लिहिली नाही, म्हणून लिहितो.

आमच्या पिढीतल्या बऱ्याच घरांत पहिला कॉम्प्युटर आला तो सायबरएज योजनेतून, पर्रीकर सरकारच्या काळात अकरावीच्या मुलांना मिळायचा तो. माझ्या धाकट्या बहिणीला मिळाला होता. दहा वर्षांनी तो आईने खिडकीत ठेवून त्यावर तुळशीच्या कुंडीचं ताट ठेवलं आणि पुढे भंगारात दिला. आज त्याची हळहळ वाटते ती एका कारणासाठी. मागच्या बाजूला एक निळं छिद्र होतं.

तुमच्याही डेस्कटॉपच्या मागे बघा. हिरवं, गुलाबी, निळं अशी तीन छिद्रं असतील. हिरवं स्पीकरचं, गुलाबी माइकचं आणि निळं ‘लाइन-इन’. आजच्या लॅपटॉपवर हे निळं मिळत नाही. टेपरेकॉर्डरच्या हेडफोनच्या जागेतून साधी केबल त्या निळ्यात घातली की कॅसेट कॉम्प्युटरवर उतरते. ऑडॅसिटी हा फुकटचा प्रोग्राम. सीडीच्या दर्जाने एका तासाला सुमारे ६३५ एमबी जागा लागते, फ्लॅक या दर्जा न घटवणाऱ्या प्रकारात ठेवलं तर साधारण निम्मी.

गेल्या वर्षी शाळेतल्या अडगळीतून असाच एक जुना डेस्कटॉप काढला. ८ जीबी रॅम, एक छोटा एसएसडी, त्यावर लिनक्स मिंट. मिंटच्या २२व्या मालिकेला २०२९पर्यंत अपडेट आहेत, म्हणजे या वयाच्या मशिनला नेटवर सुरक्षित ठेवायचा तोच रस्ता. मराठी टायपिंगला इन्स्क्रिप्ट कळफलक त्यात येतोच. त्यावर गावातल्या दिवंगत भजनीबुवांच्या कॅसेटी उतरवल्या. बत्तीस कॅसेटी होत्या, त्यातल्या नऊंना बुरशी लागली होती. पांढरी बुरशी दिसली तर कॅसेट थेट वाजवू नका, टेपच्या हेडवर चिकटते आणि पुढच्या कॅसेटीला लागते. आधी कोरड्या हवेत ठेवून, हलक्या हाताने पुसून, एकदा पूर्ण गुंडाळून घ्यायची.

तेविसाव्या कॅसेटीत बुवांचा आवाज थांबतो आणि मागे पावसाचा आवाज येतो. मग कुणी तरी म्हणतं, ‘पखवाज सुकवून आण रे.’ तो आवाज माझ्या वडिलांचा. घरात त्यांचा आवाज कुणाकडेच नव्हता.

तुमच्या गावच्या नाटकाच्या कॅसेटी कुणाकडे असतील तर विचारा.

जुवारीकाठ | २५ मे, रात्री १०:२०

मास्तर, वाचून गलबलून आलं. माझं म्हणणं थोडं बदलतो: नेटपासून तोडून, एसएमपीएस तपासून हे मशीन ठेवायला माझी हरकत नाही. बायोसमध्ये व्होल्टेज दिसतं. १२ व्होल्टच्या ओळीवर ११.४ ते १२.६च्या बाहेर आकडा गेला तर एसएमपीएस बदलाच. तो उघडून दुरुस्त करायला जाऊ नका, आतले कपॅसिटर प्लग काढल्यावरही झटका देतात.

आणि घरचा सर्व्हर वगैरे करून रात्रंदिवस चालू ठेवायचा विचार असेल तर नको. नुसता बसून असं मशीन ४५ वॅटच्या आसपास खातं, म्हणजे महिन्याला ३० युनिटच्या वर. बाबांच्या दोन तासांच्या कामाला मात्र महिन्याला चारेक युनिट लागतील, तेवढ्यासाठी नवं मशीन घ्यायचं कारण नाही.

अंत्रुजकर | १ जून, रात्री ९:४०

आठवडाभराने लिहितोय. बरंच झालं.

रविवारी सकाळी बाबांना शेजारी बसवून कॅबिनेट उघडलं. आधी ते नको म्हणत होते, मग चष्मा लावून स्वतःच टॉर्च धरून बसले. आत तळाला धुळीची गादी, कोपऱ्यात कोळ्याचं घर आणि पंख्याच्या मागे पालीची दोन अंडी, रिकामी, कागदासारखी. रंगाच्या ब्रशने सगळं काढलं. प्रोसेसरवरची पेस्ट वाळून चुन्यासारखी झाली होती, पुसून नवी लावली. सेल बदलला. रॅमच्या पट्टीवर खोडरबर फिरवला तेव्हा खालून सोनेरी रंग वर आला. ते बघून बाबा म्हणाले, ‘देवळातली समई घासतात तशी.’ शिट्टी त्या दिवसापासून नाही. १२ व्होल्टच्या ओळीवर ११.९ दिसतंय.

मग डीडीरेस्क्यू. संध्याकाळी सातला लावलं. पहिल्या तीन तासांत डिस्कचा बहुतेक भाग निघाला आणि मग एका जागी येऊन आकडा हलेना. रात्री एकला झोपलो. पहाटे साडेपाचला उठून बघतो तर बाबा आधीच समोर खुर्चीवर बसलेले. अक्षरं इंग्रजी, त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं, पण आकडा कमी होतोय एवढं कळत होतं. सव्वाआठला थांबलं. अगदी थोडी जागा वाचता आली नाही. त्या दोन फाइलींपैकी एक पूर्ण मिळाली. दुसरी उघडते, पण तिसऱ्या अंकाच्या पाचव्या पानानंतर रिकामी.

ज्याची वही नाही, ते नाटक पूर्ण मिळालेलं. अपुरं राहिलं त्याची वही घरात आहे, बाबा पुन्हा टाइप करतील.

निर्णय असा झाला. मदरबोर्ड, प्रोसेसर तेच. नवा एसएसडी, ४ जीबीची आणखी एक जुनी पट्टी, सेल, पेस्ट, यूपीएसची बॅटरी, सगळं मिळून सहा हजारांच्या आत. या बोर्डवर एसएसडीला पूर्ण वेग मिळत नाही, तरी सहा मिनिटांच्या जागी चाळीस सेकंदांत चालू होतो. नेटची केबल काढून गुंडाळून कपाटात ठेवली. बँक बाबांच्या फोनवर. रूपांतर संपलं की याच मशिनवर मिंट चढवणार आणि मग केबल परत लावणार. भावाला लॅपटॉपचे पैसे पुढच्या वर्षासाठी राखून ठेवायला सांगितलं.

निवृत्त_हिशेबनीस | १ जून, रात्री १०:०५

उत्तम. जुनी हार्ड डिस्क काय केली? भंगारवाल्याला देऊ नका. नुसतं फॉरमॅट केलं तरी आतलं बरंचसं परत काढता येऊ शकतं, आणि त्यावर देवस्थानच्या देणगीदारांची नावं, पत्ते आहेत. काम पूर्ण झालं की पूर्ण डिस्कवर शून्यं लिहून पुसा, किंवा तबकड्यांना ड्रिलने भोकं पाडा. मग पंचायतीत चौकशी करा, ई-कचरा गोळा करण्याची सोय असते. ई-कचऱ्याचे २०२२चे नियम १ एप्रिल २०२३पासून लागू आहेत, त्यात तो नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडेच जायला हवा. यूपीएसची मेलेली बॅटरी शिशाची, ती बॅटरीच्या दुकानात परत द्या, जुनीचे थोडे पैसेही वळते करतात. आपल्याकडे भंगारात वायरी उघड्यावर जाळून तांबं काढतात, तो धूर पोरांच्या फुप्फुसात जातो.

अंत्रुजकर | १ जून, रात्री १०:१८

डिस्क कापडात गुंडाळून कपाटात आहे. सगळी नाटकं युनिकोडमध्ये तपासून होईपर्यंत ती पुसणार नाही. बॅटरी कालच दुकानात दिली.

सत्तरीकर | १ जून, रात्री १०:४०

पावसाळ्यात रोज तासभर तरी चालू ठेवा, आतली ओल निघून जाते. कॅबिनेट जमिनीवर नको, फळीवर चढवा.

अक्षरजुळणी | २ जून, सकाळी ८:१२

रूपांतर कुठवर आलं?

अंत्रुजकर | ८ जून, रात्री ८:५५

ताई, सगळ्या ४१ नाटकांच्या पीडीएफ झाल्या. युनिकोडमध्ये ९ झाली. मी रूपांतर करतो, बाबा कागदावर छापून लाल शाईने तपासतात. तुम्ही सांगितलेली ओळ पहिल्याच दिवशी चालवली होती. ‘दऱ्याखोऱ्यांत’ तुटलं, बाकी सगळं नीट.

एक अडचण. पदांमध्ये बाबांनी आलाप दाखवायला ‘ऽ’ वापरलाय, ‘देवाऽऽ’ असा. रूपांतरानंतर त्या जागी इंग्रजी एस येतो. एका नाटकात साडेचारशे जागा आहेत. हाताने बदलू का?

आणि मास्तर, विचारलं. भजनी मंडळातल्या एकांच्या माळ्यावर खोकं सापडलं, १९ कॅसेटी, १९८८ ते १९९५च्या उत्सवांतल्या. सहांना बुरशी आहे. निळं छिद्र चालतंय, काल केबल लावून पाहिली.

अक्षरजुळणी | ८ जून, रात्री ९:१०

हाताने नको. नाटकात इंग्रजी शब्द नसतील तर ‘शोधा आणि बदला’मध्ये एस शोधून ‘ऽ’ घाला, एका फटक्यात होईल. इंग्रजी शब्द असतील तर आधी ते वेगळे काढून ठेवा. बदल करण्यापूर्वी फाइलीची एक नक्कल ठेवायला विसरू नका.

मास्तर_डिचोली | ८ जून, रात्री ९:३१

त्या सहा कॅसेटी मला द्या. शनिवारी फोंड्याला येतोय, घेऊन जातो. बाकीच्या तेरा तुम्ही सुरू करा, सगळ्यांत जुनी आधी.